पाठ वाऱ्याकडे, तोंड पूर्वेला

ठिपकी नावाची कोंबडी त्या सकाळी दावरोनच्या कार्यशाळेत शिरली नसती तर पुढचे काहीच घडले नसते, असे आमच्या गल्लीत ठामपणे सांगितले जाते. हे मत टिकणारे नाही. एकाच गल्लीच्या दोन टोकांना राहणारी दोन तरुण माणसे कोंबडीच्या मध्यस्थीवाचूनही कधीतरी समोरासमोर आलीच असती. ती त्या दिवशी आली आणि कोंबडीमुळे आली, इतकेच काय ते खरे.

मार्च लागला होता. कोकंद शहराच्या कडेला असलेल्या आमच्या मोहल्ल्यात जर्दाळूची झाडे अजून उघडीच होती. परंतु फांद्यांच्या टोकांना गुलाबी रंगाचा नुसता संशय येऊ लागला होता. भट्टीवाल्या सोबिरची मुलगी रोबिया मुठीत दाणे घेऊन, “ठिपके, ए ठिपके,” अशी हाक मारत गल्लीच्या टोकापर्यंत आली. तिथल्या कार्यशाळेचे दार उघडे होते. आत अर्धवट कोरलेल्या अक्रोडी खांबाशेजारी एक तरुण पटाशी हवेत तशीच धरून पुतळ्यासारखा बसला होता. त्याच्या पायाशी रंध्याच्या छिलक्यांचा ढीग होता, आणि ढिगात, डोळे अर्धे मिटून, ठिपकी.

“माझी कोंबडी—”

“शू…” तो कुजबुजला. “हळू बोला. अगदी अंडं द्यायच्या बेतात आहे ती.”

रोबिया उंबऱ्यातच थांबली. दोघे न बोलता कोंबडीकडे पाहत राहिले. म्हणजे निदान तो तरी कोंबडीकडेच पाहत होता, असे त्याने पुढे कितीदा तरी सांगितले. अखेर ठिपकी उठली, तिने साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली आणि छिलक्यांत एक तांबूस अंडे उघडे पडले.

दोन हात एकदमच पुढे झाले. पटाशी टाकून आलेला हात थोडा आधी पोचला.

“अंडं माझं,” रोबिया म्हणाली.

“ते कसं काय? जागा माझी, छिलके माझे, आणि इतका वेळ श्वास रोखून बसलो तोही मीच.”

“कोंबडी माझी आहे.”

“कोंबडी तुमची, कबूल. पण चांगलं घर सोडून ती इथं आली, त्याला काही कारण असेल की नाही?”

“घर कुठलं? तुतीच्या झाडावर झोपतात सगळ्या.” एवढे बोलून ती जरा थबकली. “गेल्या आठवड्यात एक कोल्ह्यानं नेली. काळी होती. माझ्या हाकेला धावत यायची.”

त्याने अंडे तळहातावर फिरवले. ते अजून उबदार होते.

“मी बांधतो खुराडं,” तो म्हणाला.

“तुम्ही? मशिदीचे खांब कोरणारे उस्ता? कोंबड्यांचं खुराडं?”

“खांबाला जागा आवडली की नाही, हे तो कधी सांगत नाही हो. हिनं निदान पसंती तरी दाखवली.”

“आणि मजुरी?”

“घेतली की,” तो म्हणाला, आणि अंडे त्याने आपल्या गोल टोपीत ठेवून दिले.

हा दावरोन मूळचा नुरोताकडचा, माळावरचा. लाकडावरचे कोरीवकाम शिकण्यासाठी तो कोकंदला आला आणि गुरू वारल्यावर त्यांचीच कार्यशाळा चालवू लागला. गल्लीला त्याच्याविषयी ठाऊक होते ते एवढेच, आणि गल्लीच्या दृष्टीने ते फारच अपुरे होते.

रोबियाविषयी मात्र गल्लीला सगळेच ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी ताश्कंदच्या एका घराशी तिचा नान मोडला गेला होता. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एक नान मोडून अर्धा अर्धा वाटून घेतला की आमच्याकडे सोयरीक पक्की होते. तो नान सोबिरने स्वतःच्या हाताने भाजला होता, आणि पानगळीच्या सुमारास त्या लोकांनी आपला अर्धा वाटा, वाळून दगड झालेला, एका ओळखीच्या माणसाबरोबर परत पाठवला. कारण कळवले नाही. तेव्हापासून रोबियाच्या घरी कोणी मागणी घालायला आले नव्हते. परत आलेल्या नानाची मुलगी करून घेण्यात काही अशुभ आहे असे कोणी उघड म्हणत नसे. तथापि आपापल्या मुलांना त्या दारावरून नेताना आयांची पावले किंचित झपाझप पडत. रोबियाने याचे दुःख कोणाला दाखवले नाही. ती वडिलांची कणीक मळी, टोप्यांवर बदामाची नक्षी भरी आणि कोंबड्या पाळी.

खुराडे कुठे बांधावे यावरून पहिल्याच दिवशी वाद पेटला.

दावरोनने अंगणात एक चक्कर मारली, भिंतींवर हात फिरवला आणि निकाल दिला. “भट्टीच्या पाठीला टेकून बांधू. हिवाळ्यात भिंत गरम राहील. कोंबड्या दुवा देतील.”

“आणि उन्हाळ्यात?” रोबियाने विचारले.

“उन्हाळ्यात काय?”

“उन्हाळ्यात शिजलेल्या कोंबड्या मिळतील. फक्त मीठ लावायचं बाकी.”

भट्टीशी वाकलेले सोबिरकाका खोकल्यासारखे हसले.

“बरं, मग त्या तुतीखाली,” दावरोन म्हणाला. “तोंड पश्चिमेला करू. संध्याकाळचं ऊन सरळ आत येईल. दिसेलही छान.”

“पश्चिमेला?” रोबियाने सुई टोपीत खोचली आणि टोपी बाजूला ठेवली. “तुम्ही कोकंदचा वारा पाहिलाय का कधी?”

“वाराच आहे ना? आमच्याकडे माळावर—”

“तुमच्या माळावरचा वारा येतो आणि जातो. आमचा दारातून आत येतो, बसतो, आणि छप्पर घेऊन उठतो. पश्चिमेकडे पाठ करायची. तोंड पूर्वेला. सकाळचं ऊन लागलं की कोंबडी अंडं देते. संध्याकाळचं ऊन काय, नुसतं बघायला.”

“बघायलाही काहीतरी असावं माणसाला.”

“घर कोंबड्यांचं आहे. माणसाचं नाही.”

उत्तर नसले की माणूस तपशिलावर येतो, तसा तोही आला. बसायच्या दांड्या आपण अशा गुळगुळीत करू की हात फिरवावासा वाटेल, असे त्याने जाहीर केले. गुळगुळीत दांडीवर कोंबडीचा पाय ठरत नाही, सालासकट फांद्या लावा, असे तिने सुनावले. तळ जमिनीवर टेकवावा असे तिचे मत पडले. लाकडाला ओल लागेल आणि फटीतून कोल्हा उकरेल, विटांवर उचलून घ्यावा, असे त्याचे. येथे मात्र तो बरोबर होता, आणि ते तिला कबूल करावे लागले. तिने ते केलेही, परंतु इतक्या नाखुशीने की कबुली देताना त्याच्या पेल्यात तिने चहा काठोकाठ ओतला.

पाहुण्याला घोट घोट चहा द्यावा, म्हणजे तो पुन्हा पेला पुढे करतो आणि बसून राहतो. काठोकाठ पेला म्हणजे आता निघा. हे नुरोतालाही कळते.

“समजलो,” दावरोन हसत उठला. “जातो.”

“चहा तर पिऊन जा.”

“एवढा चहा प्यायचा तर निदान संध्याकाळ होईल. तुम्ही ठरवा बुवा, मी जाऊ की बसू.”

तिच्या कानांच्या पाळ्या तांबड्या झाल्या, आणि सोबिरकाकांना एकाएकी भट्टीतल्या निखाऱ्यांकडे लक्ष द्यावेसे वाटले.

काम सुरू झाले. दिवसभर दावरोन शहरातल्या एका जुन्या मदरशाच्या दुरुस्तीवर असे, म्हणून खुराड्यासाठी त्याच्याजवळ पहाटेचीच वेळ होती. पॉप्लरच्या फळ्या लांब होत्या आणि अंगण अरुंद. त्यामुळे करवत आणि रंधा तो बाहेरच, सोबिरकाकांच्या दाराच्या तोंडाशी, चालवत असे. छिलके उंबऱ्यावर पडत, पायरीवर पडत, गल्लीतल्या पाटाच्या काठापर्यंत उडत. आणि स्वच्छ वळणाचा माणूस असल्यामुळे, जाण्यापूर्वी तो कोपऱ्यातला खराटा घेऊन सगळे झाडून काढी.

यात त्याचे काही चुकले असे कोणीही म्हणणार नाही… आमच्या गल्लीबाहेरचे कोणीही.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. मुलीला मागणी घालायची असेल तर मुलाकडचे माणूस पहाटे येऊन तिच्या घराचा बाहेरचा उंबरा झाडते. तोंडाने काही बोलायचे नसते. मुलीच्या घरच्यांना पसंत असेल तर ते झाडलेल्या जागेवर पाणी शिंपडतात. पसंत नसेल तर राख टाकतात. शब्दच उच्चारला जात नसल्यामुळे नकाराने कोणाची मान खाली जात नाही. रीत शहाणपणाची आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु कुठल्याही मूक रीतीत एक दोष असतोच: ती न जाणणारा माणूसही ती पार पाडू शकतो.

समोरच्या घरातल्या होजर मावशी पहाटेच्या प्रार्थनेनंतर खिडकीत बसतात. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे चोळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला उठवले. तिसऱ्या दिवशी त्या थेट रोबियाच्या स्वयंपाकघरात आल्या.

“रोबियाजोन, अगं झोपा काढताय का सगळे? तुमचा उंबरा झाडतोय तो!”

“छिलके झाडतोय, मावशी. रंधा मारला की छिलके पडतात.”

“छिलके घरात पडले तरी चालतात गं. बाहेर बसून का रंधा मारतो मग?”

“फळ्या लांब आहेत म्हणून.”

“हो, आणि नजर आखूड आहे वाटतं?” मावशींनी तिची हनुवटी वर केली. “राख टाकली नाहीत तुम्ही. पाणीही नाही. सगळी गल्ली ताटकळलीये. तुझ्या बापाला विचारलं तर म्हणतो, कणीक फुगत असताना झाकण उघडायचं नसतं. हा काय जबाब झाला?”

रोबिया हसली. परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे ती दाराच्या फटीशी उभी राहिली. दावरोन ओणवा होऊन झाडत होता. पायरी झाली, उंबरा झाला, मग त्याने फटींत अडकलेले छिलके बोटांनी वेचून काढले. इतक्या मनापासून कोणी आपल्या दारात काही करताना तिने फार दिवसांत पाहिले नव्हते. तिच्या छातीत काहीतरी पंख फडफडवून बसले.

त्याला माहीत असेल का?

प्रश्न एवढाच होता आणि तो विचारणे अशक्य होते. माहीत असेल तर विचारणे निर्लज्जपणाचे. माहीत नसेल तर त्याहून वाईट. तो एक दिवस हत्यारे उचलून निघून जाईल आणि गल्ली म्हणेल, हिचा पुन्हा परत आला. एका नानाचे तिने सोसले होते. दुसऱ्याचे सोसवेल की नाही, याची तिला खात्री नव्हती. आणि खरे सांगायचे तर आता प्रश्न केवळ गल्लीचा राहिला नव्हता.

तिने आडवाटेने जायचे ठरवले. तो दांड्या बसवत असताना ती खिळे पुढे करत होती. तिच्या केसांत एक छिलका अडकला होता. त्याने हात उचलला, हवेतच थांबवला, आणि नुसते बोट दाखवले.

“तिथे… नाही, डावीकडे. हो.”

“हां.” तिने छिलका काढला, पण टाकला नाही. “तुमच्याकडे, नुरोताला… उंबरा कोण झाडतं हो?”

“आई झाडते.” तो खिळा ठोकत म्हणाला. “आणि आई दमली की वारा.”

ती खळखळून हसली. मग तिला उत्तराचा अर्थ कळला. त्याला माहीत नव्हते. खिळ्यांची वाटी तिने त्याच्याजवळ ठेवली, तंदुरात काहीतरी पाहायचे आहे असे सांगितले आणि ती आत गेली.

त्याला सांगून टाकले पाहिजे, असे तिने ठरवले. बिचाऱ्याला न कळत कोणी बोहल्यावर चढवू नये. दांड्या झाल्या की सांगू. छप्पर झाले की सांगू. खुराडे विटांवर चढले, पाठ पश्चिमेला, तोंड पूर्वेला. आत अंडी घालायचे कप्पे झाले. आता फक्त दार उरले, आणि ते नीट कोरून आणतो म्हणून तो फळी आपल्या कार्यशाळेत घेऊन गेला. तरी तिने सांगितले नव्हते.

ते काम होजर मावशींनी केले. नवरोज जवळ आला होता. गव्हाच्या अंकुरांचे गोड सुमलक मोठ्या कढईत शिजले होते, त्यातली वाटीभर घेऊन मावशी संध्याकाळी कार्यशाळेत गेल्या, आणि आल्या त्या सरळ रोबियाकडे.

“अभिनंदन करायला गेले होते गं मी. म्हटलं, झाडून झाडून खराटा झिजला तुझा, आता आईला बोलाव. तर तो नुसता बघतच राहिला! मग मीच सगळं सांगितलं. रीत सांगितली, ताश्कंदवाल्यांचं सांगितलं…”

“तेही सांगितलंत?”

“मग, लपवायचं का? चोरी केलीयेस तू? पण पोरी, तो पांढराफटक पडला. हातातली पटाशी खाली पडली. सुमलकला हातसुद्धा लावला नाही मेल्यानं.”

रोबियाने मावशींची रिकामी न झालेली वाटी धुवायला घेतली, आणि धुण्याआधी ती रिकामी केली पाहिजे हेही तिच्या लक्षात आले नाही.

सकाळी वारा उठला. आधी तुतीच्या शेंड्यात एक दीर्घ उसासा, मग भिंतीवरची धूळ, मग पत्रे. कोकंदचा वारा दारावर थाप मारत नाही, हे तिने त्याला सांगितलेच होते. डोक्याचा रुमाल दातांत धरून रोबिया बाहेरचे दार लोटायला गेली, आणि तिथेच खिळून राहिली.

उंबरा झाडलेला होता.

तिथे छिलके नव्हते. रंधा दाराशी चाललाच नव्हता; काम केव्हाच कार्यशाळेत गेले होते. झाडण्यासारखे काहीही नसताना कोणीतरी पहाटे येऊन उंबरा झाडला होता, पायरी झाडली होती, पाटाच्या काठापर्यंतची गल्ली झाडली होती. वाऱ्याने पुन्हा धूळ पसरू नये म्हणून दगडांच्या फटीतली मातीसुद्धा कोरून काढली होती. अशी फट कोरण्याचे काम ज्याच्या हाताला साधते असा माणूस आमच्या गल्लीत एकच आहे.

त्याला माहीत होते. आणि माहीत असून तो आला होता.

रोबिया वळली आणि पाण्याच्या तांब्याकडे धावली.

याच वेळी सोबिरकाका तंदुरातली राख घमेल्यात भरून उघड्या दाराजवळून जात होते. कोंबड्यांना अंग घोळायला राखेचा खड्डा हवा, असे रोबियानेच त्यांना आदल्या दिवशी बजावले होते. वाऱ्याने बिथरलेली ठिपकी पंख पसरून त्यांच्या गुडघ्यांवर आदळली. काका डगमगले, घमेले कलले, आणि उरलेले वाऱ्याने केले. करड्या राखेचा एक लोट उठला आणि झाडलेल्या उंबऱ्यावर, पायरीवर, थेट पाटापर्यंत, अगदी सारखा पसरला.

“अगं बाई!” समोरच्या खिडकीतून होजर मावशी ओरडल्या. “राख!”

गल्लीच्या वळणावर दावरोन उभा होता. खांद्यावर खुराड्याचे दार होते. त्याने उंबऱ्याकडे पाहिले. दार त्याने भिंतीला टेकवून ठेवले, छातीवर हात ठेवून सोबिरकाकांना नमस्कार केला आणि तो मागे फिरला. काका काही बोलायला गेले, पण त्यांच्या तोंडात राख होती.

रोबिया तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा तिला त्याची पाठ तेवढी दिसली. तिने खाली पाहिले, वडिलांकडे पाहिले, कोंबडीकडे पाहिले. सगळे कळायला तिला फार वेळ लागला नाही. तिने तांब्या तिथेच उपडा केला.

“राखेवर पाणी?” मावशी खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या. “याचा अर्थ काय लावायचा गं आम्ही?”

“थांबा जरा,” रोबिया म्हणाली. “अर्थ मी स्वतः सांगून येते.”

भिंतीला टेकवलेले दार तिने उचलले. दार लहान होते, परंतु वाऱ्याला एवढे पुरते. त्याने तिला आधी पाटाकडे ढकलले, मग भिंतीकडे. एकदा तर ती पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा घराकडे तोंड करून उभी राहिली. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या पाहत होत्या. तिने दार डोक्यावर घेतले आणि ती चालत राहिली.

दावरोन हत्यारे पुसून पेटीत ठेवत होता. दारासकट ती आत आली आणि तिने ते धाडकन जमिनीवर उभे केले.

“कुठे निघालास?”

‘तुम्ही’ कुठल्या वळणावर उडून गेले, हे दोघांच्याही लक्षात आले नाही.

“कुठेच नाही.” तो म्हणाला. “दार देऊन आलो. बसवायला बिजागऱ्या आहेतच. काका बसवतील.”

“आणि झाडलेलं ते?”

तो पटाशी पुसत राहिला.

“राख वाऱ्यानं टाकली,” ती म्हणाली.

“वाऱ्याच्या हातात घमेलं कोणी दिलं?”

“अब्बांनी. आणि अब्बांना कोंबडीनं पाडलं.”

“म्हणजे नकार कोंबडीचा आहे.”

“तू कोंबडीला विचारून लग्न करणार आहेस?”

शब्द तोंडातून निसटला. बाहेर कुठेतरी एक पत्रा गडगडत गेला. दावरोनने हातातले फडके खाली ठेवले.

“मी तुझ्यासाठीच उंबरा झाडला,” तो हळूच म्हणाला. “आज. आधीचे दिवस मी नुसता केर काढत होतो, ते मोजू नकोस. काल मावशींनी सांगितलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. वाटलं, हिला काय वाटलं असेल, एवढे दिवस मी न विचारता विचारतोय. रात्रभर… मग म्हटलं, विचारायचं तर होतंच. फक्त रीत आधी झाली आणि धीर नंतर आला.”

“केर काढणं, पाणी, राख…” तिला आता रागच आला. “देवानं तोंड दिलंय ना तुला? खुराड्याचं तोंड कुणीकडे करायचं यावर एवढं भांडलास माझ्याशी. आणि हे एवढं तोंडानं सांगता येत नाही?”

“सांगितलं असतं. पण…”

“पण काय? मावशींनी सगळं सांगितलं ना तुला? माझा नान परत आलाय. अर्धा. तो तसाच आहे घरात, अब्बांनी टाकलेला नाही. ऐकून तू पांढरा पडलास म्हणे.”

“रागानं पडलो.” दावरोन म्हणाला. “रोबिया, ज्यांनी परत केला त्यांना भूकच नव्हती. मला आहे.”

इतके साधे वाक्य तिने अपेक्षिले नव्हते. गेली दोन वर्षे तिने मनात अनेक उत्तरे रचून ठेवली होती: कोणी दया दाखवली तर द्यायचे, कोणी मोठेपणा मिरवला तर द्यायचे. या वाक्याला त्यांतले एकही लागू पडेना. ती दारामागे तोंड लपवून उभी राहिली. दारावर त्याने डाळिंबाची एक फांदी कोरली होती. पाकळ्या मोजण्याचा तिने प्रयत्न केला, पण डोळ्यांपुढे सगळे धूसर झाले.

“रडतेस?”

“धूळ गेली.”

“तुमच्या वाऱ्याची ना? आत येऊन बसतो तो.”

“चल,” ती दारामागून म्हणाली. “दार बसव. कोल्हा काही वाऱ्याला घाबरत नाही.”

दोघांनी मिळून दार नेले, एक टोक त्याच्याकडे, एक तिच्याकडे. या वेळी वाऱ्याला ते फिरवता आले नाही. मावशींच्या खिडकीखाली पोचल्यावर रोबिया थांबली.

“मावशी, राख कोंबडीची होती. पाणी माझं होतं.”

“मग आधी सांगायचंस ना गं,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी इतक्या घाईने लावली की शेजारच्या घरी बातमी त्यांच्या पायांआधी पोचली असावी.

सोबिरकाका अंगणात तोंड धूत होते. त्यांनी दोघांकडे पाहिले, मग दाराच्या दोन टोकांकडे. घरात जाऊन त्यांनी कोनाड्यातून काहीतरी कापडात बांधलेले आणले, भट्टीचे झाकण सरकवले आणि ते आत टाकून दिले. वाळलेला नान पटकन पेट घेतो. मग त्यांनी ताजी कणीक ओढली आणि ते नेहमीपेक्षा जोराने मळू लागले.

दार बसायला संध्याकाळ झाली. वारा पडला होता. खुराड्यात नवे छिलके पसरले होते, कोपऱ्यात राख होती, फांद्यांवर साल शाबूत होती. आणि कोंबड्या, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, एकामागून एक उड्या मारत तुतीवर चढून झोपल्या.

“हे काय?” दावरोन हताश होऊन वर पाहू लागला. “घर दिसत नाही का त्यांना?”

“दिसतं की. सवय नाही.” रोबियाने ओढणी कमरेला खोचली. “अंधारात कोंबडी उचलली तर ओरडत नाही. मी खाली देते, तू आत ठेव. पायांना धरून नाही हं, कुशीत घे.”

ती फांदीवर चढली. एकेक उबदार, जड, झोपाळलेला जीव त्याच्या हातांत येत गेला. प्रत्येक वेळी तिच्या बोटांना त्याची बोटे लागत होती, आणि दर खेपेला कोंबडी हातातून हातात जायला मागच्या खेपेपेक्षा थोडा अधिक वेळ लागत होता. शेवटची ठिपकी. तिला आत ठेवून त्याने डाळिंबाचे दार लावले आणि कडी घातली.

मग आत जे भांडण उसळले त्याला तोड नव्हती: ही माझी जागा, सरक तिकडे, तू कोण मला सांगणारी, पंखांची फडफड, चोचींची टकटक. दोघे विटांशेजारी उकिडवे बसून ऐकत राहिले.

“किती दिवस चालतं हे?” त्याने विचारले.

“आठवडाभर कोंडून ठेवायचं. मग आपल्या आपण आत येतात. दुसरीकडे झोपायला सांगितलं तरी जात नाहीत.”

“आणि माणसांना किती दिवस लागतात? नव्या घराची सवय व्हायला?”

आतला गलका हळूहळू उतरत गेला. एक शेवटची कुरकुर, आणि मग सालीवर नख्या घट्ट बसल्याचा बारीकसा आवाज.

रोबियाने किटलीतून चहा ओतला आणि पेला त्याच्याकडे सरकवला. त्याच्या तळाशी जेमतेम एक घोट होता.

“ते नंतर,” ती म्हणाली. “आधी आईला फोन कर.”